तेविसाव्या प्रश्नाची हरकत

आमच्या खानदानात सायन्स म्हणजे मी. बावीस वर्षांपूर्वी डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, पास झाली अन् नागपुरात धंतोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली, तेव्हापासून कोणाचं काहीही अडलं की फोन प्रेमिलाले. मिक्सर जळाला, प्रेमिलाले विचारा. म्हशीची गोळी बैलाले चालते का, प्रेमिलाले विचारा. मले बैलाचं काय कळते, मी माणसाचं रक्त तपासते. पण 'माहीत नाही' म्हणायची आपल्याले सवय नाही. लोकांनी एकदा हुशार ठरवलं की हुशारच राहा लागते.

त्या शनिवारी सकाळी माझी भाची प्रीती स्वयंपाकघरात आली अन् मोबाइल माझ्या नाकाजवळ धरून उभी राहिली. प्रीती म्हणजे माझ्या लहान भावाची, नत्थूची पोरगी. पारशिवनीच्या पलीकडं त्याचं गाव आहे, घरची शेती आहे. पोरगी दहावी झाली होती अन् एका परीक्षेसाठी पंधरा दिवसांपासून माझ्याकडं नागपुरात, इंदोऱ्याच्या घरी राहून राहिली होती.

परीक्षा अशी, की नागपुरातली एक संस्था दरवर्षी गावखेड्यातले चाळीस पोट्टे निवडते. दोन वर्षं होस्टेलमध्ये ठेवते अन् अकरावी-बारावी सायन्स शिकवते. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं संस्थेचं. सहाशे पोट्टे बसले होते. शुक्रवारी यादी लागली. प्रीतीचा नंबर एक्केचाळीस.

एक्केचाळीस म्हणजे काय, सांगा. पन्नास आला असता तर माणूस दोन शिव्या देऊन झोपला असता. एक्केचाळीसनं आमची सगळ्यांची झोप उडवली. प्रीती ज्या कॉलेजात रोज घरून जाऊ शकत होती तिथं सायन्सच नव्हतं, अन् नत्थूनं आर्ट्सचा फॉर्म आणून ठेवला होता. पोरीले बारावीनंतर केमिस्ट्री शिकायची होती. का, तर तिले आवडते. दुसरं कारण नाही.

"आत्या, उत्तरसूची आली," ती म्हणाली. "तेविसाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चुकीचं दिलं आहे. आज पाच वाजेपर्यंत जाऊन हरकत घेता येते."

मी वाचलं. प्रश्न होता, खालीलपैकी कोणतं समीकरण संतुलित आहे? पहिल्या पर्यायात हायड्रोजन अन् ऑक्सिजनचं पाणी बनून राहिलं होतं, दुसऱ्यात मॅग्नेशियम जळून राहिलं होतं. दोन्हीत ऑक्सिजन इकडं दोन अन् तिकडं एकच, म्हणजे ते गेले. तिसरा पर्याय असा:

Cu + Ag⁺ → Cu²⁺ + Ag

अन् चौथा, यांपैकी एकही नाही. सूचीत उत्तर तीन होतं. प्रीतीनं चार लिहिलं होतं.

मी ओट्यावर कागद पसरला. तांब्याच्या अणूले शेंगदाणा, चांदीच्या अणूले फुटाणा. बाणाच्या इकडं एक शेंगदाणा, एक फुटाणा. तिकडं एक शेंगदाणा, एक फुटाणा. "घे, मोज," मी म्हटलं. "इकडं जे तेच तिकडं. याले संतुलित नाही म्हणत तर काय म्हणतात?"

"पण आत्या, वरचे ते अधिक..."

"ते अधिक-बिधिक वेगळ्या धड्यात येते. समीकरण तपासायचं म्हणजे अणू मोजायचे. आमच्या वेळेस हेच होतं अन् आता बी हेच आहे."

"तसं नाही वं, मी सांगते ना..."

"प्रीती, चुकलं ते चुकलं. एका मार्कासाठी मास्तरांसोबत भांडाले जाऊन हसं नको करून घेऊ."

 तिनं शेंगदाणे अन् फुटाणे वेगवेगळ्या डब्यात भरून ठेवले, अन् मी तिच्यासमोरच नत्थूले फोन लावला. "पोरीचंच चुकलं गा," मी म्हटलं. "मी तपासलं. तू संध्याकाळी ये अन् घेऊन जा तिले."

"ताई, तू तपासलं म्हणजे झालं," नत्थू म्हणाला. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. मी डबा उचलला अन् ड्युटीवर गेली.

शनिवारी आमच्या लॅबमध्ये श्वास घ्यायले फुरसत नसते. धंतोलीत हॉस्पिटलं इतकी, की सारा विदर्भ तिथं बाकावर बसला आहे असं वाटते. तीन वाजता मशीनमधून एका म्हाताऱ्याचा रिपोर्ट निघाला. सोडियम एकशे अठरा, क्लोराइड एकशे चार, बायकार्बोनेट सव्वीस. मी तो डॉक्टर कामिनींच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट. सही करायच्या आधी त्यांची एक बेरीज असते, वजाबाकी असते, अन् ती त्या पेन न उचलता करतात.

"प्रेमिलाबाई," त्या म्हणाल्या, "हे आजोबा लॅबमध्ये चालत आले होते की तारेवर बसून?"

"काहून, मॅडम?"

"अधिकचा सोडियम एकशे अठरा. उण्याचे क्लोराइड आणि बायकार्बोनेट मिळून एकशे तीस. या माणसाच्या अंगात अधिकपेक्षा उणे जास्त आहे. याला हात लावला तर झटका बसायला पाहिजे. तुम्हाला बसला का?"

नव्हता बसला. नमुन्यात हवेचा बुडबुडा गेला असंल, असं होते कधी कधी. मी नमुना परत लावला, सोडियम एकशे एक्केचाळीस आला, आजोबा बरे निघाले. हे काम मी बावीस वर्षं करून राहिली आहे. अधिक अन् उणे, दोन्हीचा मेळ बसला पाहिजे, नाही तर रिपोर्ट बाहेर जात नाही. ही गोष्ट मी झोपेतून उठून सांगू शकते.

दुसरी प्रत मशीनमधून निघत होती अन् माझा हात तिथंच थांबला. शेंगदाण्याच्या डोक्यावर काय होतं? इकडच्या तांब्यावर काहीच नव्हतं. इकडच्या चांदीवर एक अधिक. तिकडच्या तांब्यावर दोन अधिक. तिकडच्या चांदीवर काहीच नाही. म्हणजे इकडं एक, तिकडं दोन. अणू सारखे, पण एक अधिक आला कुठून? आभाळातून?

बाप्पा. बाप्पा रे बाप्पा. मी सकाळी त्या पोरीसमोर फुटाणे मांडून बसली होती अन् ती मले हेच सांगून राहिली होती. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी डॉक्टर कामिनींले म्हटलं, "मॅडम, मले जायचं आहे." त्या म्हणाल्या, "रिपोर्ट?" मी म्हटलं, "जुळला. घरचा जुळला नाही." त्यांले काही कळलं नाही, पण माझं तोंड पाहून त्यांनी जा म्हटलं.

जिन्यावरूनच प्रीतीले फोन लावला. "काय करून राहिली?"

"बॅग भरून राहिली."

"बॅग राहू दे. प्रश्नपत्रिका घे, विज्ञानाचं पुस्तक घे अन् ऑटोनं संस्थेत ये. मी स्कूटीनं निघाली. ते समीकरण संतुलित नाही वं, वर प्रभार जुळून नाही राहिला."

 मंग ती म्हणाली, "आत्या, मी तर सकाळीच..."

"आता बोलण्यात टाइम नको घालवू, निघ लवकर," मी म्हटलं अन् फोन ठेवला.

संस्था नंदनवनकडं. उन्हात रस्ता तापला होता, स्कूटीची सीट तापली होती, माझं डोस्कं तर विचारूच नका. प्रत्येक सिग्नलले मी मनात तेच करून राहिली होती, इकडं एक, तिकडं दोन. एका ऑटोवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं की सिग्नल हिरवा होऊन गेला आहे. भीती वाटत होती अन् खरं सांगते, मजा बी येऊन राहिली होती. इतक्या वर्षांत रिपोर्ट पकडले, पण सहाशे पोट्ट्यांच्या पेपरातली चूक कधी पकडली नव्हती. म्हणजे मी पकडली नव्हतीच, पण तेव्हा मले तसंच वाटून राहिलं होतं.

सव्वाचारले पोचली. प्रीती पाच मिनिटांनी आली, पुस्तक छातीशी धरून. ऑफिसात यमुताई नावाच्या क्लार्कबाई बसल्या होत्या. त्यांनी हरकतीचा फॉर्म दिला, पुराव्यासाठी पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स मागितली. पान होतं, झेरॉक्स नव्हती. समोरच्या दुकानात लाइट गेलेली. मी यमुताईंले म्हटलं, "ताई, पुस्तकच ठेवून घ्या ना, आख्खं पुस्तक." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, अन् म्हणाल्या, "मुकुंद सर दोन नंबरच्या वर्गात आहेत. पेपर त्यांनीच काढला. त्यांनाच दाखवा, ते मानले तर मले पानाचं काही नाही."

मुकुंद सर पन्नाशीचे, शर्टाच्या बाहीले खडू लागलेला, बोलणं मऊ. मी वर्गात शिरल्या शिरल्या सुरू झाली. मी कोण, ही कोण, लॅब काय, म्हातारा काय, सोडियम काय, सगळं एका दमात. सरांनी हात वर केला.

"बाई, बसा आधी. कोणता प्रश्न?"

"तेविसावा."

त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिलं अन् खडूनं टिचक्या मारल्या. "तांबं एक, तांबं एक. चांदी एक, चांदी एक. संतुलित आहे."

सकाळची मीच फळ्यासमोर उभी आहे असं वाटलं मले. "सर, अणू नका मोजू," मी म्हटलं. "डोक्यावरचं मोजा. इकडं एक अधिक आहे, तिकडं दोन आहेत."

सरांचा खडू फळ्यावरच राहिला. ते एक पाऊल मागं सरले, चष्मा वर केला, खाली केला. मंग स्वतःशीच म्हणाले, "हो की. प्रभार कुठं जुळतो इथं?" अन् आमच्याकडं वळून, "चूक आहे. माझीच आहे. चार वेळा तपासलं आणि चारही वेळा अणूच मोजले."

मले असं झालं की वर्गातल्या बाकावर चढून नाचावं. सर खरंच भले माणूस, दुसरा असता तर अर्धा तास वाद घातला असता. त्यांनी फॉर्म घेतला अन् लिहायले लागले. "प्रश्न सदोष असल्यामुळे रद्द. नियमाप्रमाणे सगळ्यांच्या आत्ताच्या गुणांत एक गुण वाढवण्यात येईल. पालक म्हणून इथं तुम्ही सही करा."

"देते ना सर, देते," मी म्हटलं अन् पेन उघडलं. जिंकलो होतो आम्ही. पोरीले मार्क मिळाला होता. अजून काय पाहिजे?

"सही नको करू, आत्या."

मी वळून पाहिलं. प्रीती बाकाजवळ उभी होती अन् तिचे कान लाल झाले होते.

"अवं, सर देऊन राहिले ना मार्क."

"सगळ्यांले देऊन राहिले. ज्यांनी तीन लिहिलं त्यांचा बी एक वाढला तर मी एक्केचाळीसच राहते."

माझं पेन हवेतच राहिलं. मी मान हलवली अन् तोंड उघडलं, म्हणजे काहीतरी बोलणारच होती, सवय ना. पण पेनाचं टोपण लावलं. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा मी बाजूले सरकली.

प्रीती फळ्याजवळ गेली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "सर, प्रश्न चुकला नाही. उत्तर चुकलं. प्रश्न विचारतो, कोणतं समीकरण संतुलित आहे. पहिलं नाही, दुसरं नाही, हे तुम्ही बी मानता. तिसरं नाही, हे तुम्ही आत्ता म्हटलं. चौथा पर्याय म्हणतो, एकही नाही. तर चौथा बरोबर आहे."

सर म्हणाले, "बेटा, तिसरा पर्याय मी संतुलित समजून घातला होता. म्हणजे प्रश्न सदोषच झाला ना."

"तुम्ही काय समजून घातला ते पेपरात छापलेलं नाही, सर. एकही बरोबर पर्याय नसता तर रद्द करा लागलं असतं. पण एक आहे. अन् तो मी लिहिला."

 दारात यमुताई येऊन उभ्या राहिल्या होत्या, पाचले दहा कमी होते, त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. सर एकदा सूचीकडं, एकदा फळ्याकडं पाहून राहिले होते. त्यांची अडचण मले दिसत होती. रद्द केलं की कोणी तक्रार करत नाही, सगळे खूश. उत्तर बदललं की सहाशे पोट्ट्यांची यादी बदलते अन् फोन सुरू होतात.

"ठीक," सर म्हणाले. "तिसरं समीकरण संतुलित करून दाखव. पण मला दाखवायचं नाही, मला पटवायचं. एकेक मोजून."

प्रीतीनं खडू घेतला. चांदीच्या मागं दोन लिहिले, बाणाच्या इकडं अन् तिकडं.

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

"तांबं एक, एक," ती बोटानं दाखवून बोलली. "चांदी दोन, दोन. आता प्रभार. इकडं चांदीचे दोन अणू, प्रत्येकावर एक, म्हणजे अधिक दोन. तिकडं तांब्यावर अधिक दोन. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडते, सर. चांदीचा एक अणू एकच घेऊ शकते. तुमच्या समीकरणात दुसरा इलेक्ट्रॉन कोणी घेतलाच नाही. तो कुठं गेला?"

सर हसले. दात दिसले इतके हसले. "कुठं गेला," ते म्हणाले, "माझ्या हातून पडला." त्यांनी फॉर्मवरचा 'रद्द' शब्द खोडला, बाजूले सही केली अन् लिहिलं, प्रश्न तेवीस, योग्य उत्तर चार. "यमुताई, सूची बदला. नवी यादी आत्ताच काढा, मी इथंच आहे."

यमुताईंनी कॉम्प्युटर सुरू केला. आम्ही तिघं त्यांच्या खुर्चीमागं उभे. मी देवधर्म फारसा करत नाही, विहारात जाऊन बसते तेवढंच, पण तेव्हा हात आपोआप जुळले होते. पडद्यावर आकडे सरकले. सहाशेपैकी फक्त अकरा पोट्ट्यांनी चार लिहिलं होतं. वरच्या कितीतरी पोट्ट्यांचा एक एक मार्क गेला. यमुताईंनी यादी खाली सरकवली, परत वर नेली, अन् बोट एका ओळीवर टेकवलं.

अठ्ठावीस.

मी प्रीतीले असं कवटाळलं की पुस्तक खाली पडलं. यमुताई म्हणाल्या, "हळू बाई, पोरगी मोडंल." मी हसून राहिली होती अन् रडून बी राहिली होती, दोन्ही एकदम. प्रीती मात्र माझ्या खांद्यावरून पडद्याकडंच पाहत होती.

"सर," तिनं विचारलं, "चाळिसावर होतं ते कोण खाली गेलं?"

"एक मुलगा आहे," सर म्हणाले. "त्यानं तीन लिहिलं होतं. मी परीक्षेला बसलो असतो तर मीही तीनच लिहिलं असतं. त्याला फोन मी स्वतः करीन." त्यांनी ते हलकं करून सांगितलं नाही, अन् प्रीतीनं मान खाली घातली.

यमुताईंनी होस्टेलचा फॉर्म पुढं केला. जागा लागलीच पक्की करायची, सही-शिक्का आजच. प्रीती खुर्चीवर बसून भरायले लागली. नाव, गाव, शाळा, आईचं नाव, वडलांचं नाव. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. नत्थू होता, बस कामठीले आली म्हणाला, पोरीची बॅग तयार ठेव. मी म्हटलं, "ये गा, आरामात ये, तिले न्यायचं नाही, पेढे घेऊन ये." तो 'काहून, काय झालं' करत राहिला, अन् मी फोन कापला, कारण प्रीतीचं पेन थांबलं होतं.

फॉर्मवरचा रकाना होता, नागपुरातील स्थानिक पालक. आजारी पडलं, काही अडलं, सुट्टी पाहिजे, तर संस्था कोणाले बोलावंल, त्याचं नाव.

"लिही ना," मी म्हटलं. "माझं नाव तुले येत नाही का?"

तिनं वर पाहिलं. रागावलेली नव्हती, असती तर बरं झालं असतं. "आत्या, तुझं लिहू का?" ती म्हणाली. "सकाळी तू मले बोलू दिलं नाही. दुपारी फोनवर बी नाही. बाबांनी तुले विचारलं अन् मले विचारलंच नाही. इथं राहून मी काही सांगितलं तर तू ऐकशील का?"

यमुताई एकदम कागद लावायले लागल्या. सर खिडकीकडं वळले. मले आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची तोंडं आठवली. त्यातल्या एकानंही लहान पोराले कधी 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. बापानं नाही, आईनं नाही, मी तर नाहीच नाही.  पोरगी पेन धरून वाट पाहत होती, आधी रकाना भरून मंग विचारायचं असं तिनं केलं नव्हतं.

"चुकली मी, प्रीती," मी म्हटलं. "सकाळी चुकली, दुपारी चुकली, अन् वर्गात सही करायले निघाली तेव्हा बी चुकली. तुझं बरोबर होतं अन् मी तुझं ऐकलं नाही. आता ऐकीन. नाही ऐकलं तर तू सगळ्यांसमोर सांग मले, जसं आज सांगितलं."

ती थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिली. रिपोर्ट बाहेर सोडायच्या आधी डॉक्टर कामिनी पाहतात, तशी. मंग तिनं मान खाली घातली अन् रकान्यात सावकाश लिहिलं, प्रेमिला, नातं आत्या. फॉर्म फिरवून माझ्यापुढं केला.

मी पेन घेतलं. सही करायच्या आधी तिले विचारलं, "करू?"

"कर," ती म्हणाली.